बर्फात भरणारी बोलपटांची जत्रा

आपल्याकडे जत्रा म्हटली की ऊन आले, धूळ आली, पाळणे आले, रेवड्या आणि गोडीशेव आली, आणि एके काळी कनातीतला टूरिंग सिनेमाही आला. अमेरिकेतही अशीच एक जत्रा वर्षानुवर्षे भरत आली. फरक एवढाच की तेथे धुळीच्या जागी बर्फ, रेवड्यांच्या जागी कॉफीचे पेले, आणि यात्रेकरू मंडळी कानटोप्या घालून भल्या सकाळी रांगेत कुडकुडत उभी! दर्शन कोणाचे घ्यावयाचे? तर ज्याचे नाव काल-परवापर्यंत कोणी ऐकलेले नाही, अशा एखाद्या पोराने उसनवारी करून काढलेल्या चित्रपटाचे.

ह्या जत्रेचे नाव सनडान्स चित्रपट महोत्सव. स्वतंत्र निर्मात्यांच्या चित्रपटांचा जगातील सर्वांत नावाजलेला मेळावा म्हणून तो ओळखला जातो. आपण मराठी माणसांनी ह्या नावाकडे आजवर दुरूनच पाहिले. परंतु २०२५ सालच्या जानेवारीच्या अखेरीस तेथील परदेशी कथाचित्रांच्या स्पर्धेचे सर्वोच्च पारितोषिक एका मराठी चित्रपटाला मिळाले. 'साबर बोंडं' हे त्याचे नाव, आणि रोहन परशुराम कानवडे हे त्याच्या दिग्दर्शकाचे. त्यांचा हा पहिलाच मोठ्या लांबीचा चित्रपट, आणि सनडान्सच्या पडद्यावर गेलेलाही हाच पहिला मराठी चित्रपट. तेव्हा ही जत्रा आहे तरी कसली, ती कोणी भरवली आणि तिथवर आपला माणूस पोहोचला कसा, हे घरातल्या सर्वांनी फराळाचे ताट पुढे घेऊन वाचावे असे आहे.

स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

'स्वतंत्र चित्रपट' हा शब्द कानाला मोठा भारदस्त लागतो. त्याचा अर्थ मात्र साधा आहे. अमेरिकेत चित्रपट काढावयाचा तर पैसा मोठ्या स्टुडिओंचा. ज्याचा पैसा त्याचा शब्द. नायिका कोण, शेवट गोड की कडू, कात्री कोठे चालवावयाची, हे सारे पैसेवाला ठरवणार. ज्याला हे पटत नाही, तो स्वतः पैसा उभा करतो आणि स्वतःच्या मनासारखे चित्र काढतो. तो स्वतंत्र. स्वातंत्र्याची किंमतही अर्थात त्यानेच मोजावयाची!

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या चित्रपटाचा जन्मच मुळी असा झाला. दादासाहेब फाळके ह्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, तेव्हा १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. फाळक्यांच्या मागे ना स्टुडिओ होता, ना सावकारांची रांग. 'स्वतंत्र निर्माता' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी नाशिककडच्या ह्या गृहस्थाने तो धंदा करून दाखवला होता.

पण चित्र काढले म्हणजे काम संपले असे नाही. ते दाखवावयाचे कोठे? थिएटरवाला म्हणतो, नट कोण? वितरक म्हणतो, गाणी किती? दोघांचेही उत्तर ऐकून निर्माता डबे घेऊन घरी येतो. ज्याच्यापाशी चित्र आहे पण पडदा नाही, अशा माणसाला पडदा मिळवून देण्याचे काम सनडान्सने केले. त्या महोत्सवाची खरी कामगिरी ती हीच.

चांदीच्या खाणीचे गाव

१९७८ साली यूटा राज्याच्या राजधानीत, सॉल्ट लेक सिटीत, हा महोत्सव प्रथम भरला. तेव्हा त्याचे नाव सनडान्स नव्हते. आपल्या राज्यात चित्रीकरणासाठी मंडळी यावीत, असा आयोजकांचा अगदी व्यावहारिक हेतू होता. जुने गाजलेले अमेरिकन चित्रपट दाखवावे आणि त्यांच्या जोडीला हॉलिवूडबाहेर काढलेल्या लहान चित्रांची स्पर्धा ठेवावी, असा बेत. पहिल्या वर्षी हौस पुष्कळ झाली, पण हिशेब मांडला तेव्हा पदरी तोटाच आला.

मग १९८१ साली मुक्काम हलला पार्क सिटी ह्या डोंगरी गावात, आणि तोही ऐन जानेवारीत. हा सल्ला दिग्दर्शक सिडने पोलॅक ह्यांनी दिला असे सांगतात. हिवाळ्यात, बर्फावरून घसरण्याच्या खेळाच्या गावी महोत्सव भरवा, म्हणजे हॉलिवूडची माणसे धावत येतील, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात महाबळेश्वरला साहित्य संमेलन भरवण्यासारखेच! सल्ला अचूक ठरला.

पार्क सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फूट उंचीवर आहे. म्हणजे महाबळेश्वराच्या दीडपट म्हणा ना. एकोणिसाव्या शतकात येथे चांदी सापडली आणि गाव वसले. पुढे चांदीचा भाव गेला, खाणी ओस पडल्या. १९६३ पासून बर्फावरच्या खेळांनी गावाला पुन्हा ऊर्जितावस्था आली. मुख्य रस्त्यावर 'इजिप्शियन' नावाचे १९२६ सालचे जुने थिएटर आहे. तूतनखामेनच्या थडग्याच्या शोधाने त्या काळी सगळ्या जगाला इजिप्तचे वेड लावले होते, त्याची ही खूण. त्यात माणसे बसणार जेमतेम तीनशे.

एवढ्याशा गावात एवढी पाहुणे मंडळी मावावयाची कशी? येथे मात्र आपला गणेशोत्सव आठवतो. हायस्कुलाच्या सभागृहात पडदा लागला. तेथे बाराशेवर खुर्च्या, म्हणून तेच सर्वांत मोठे थिएटर! सार्वजनिक वाचनालयात एक थिएटर. ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात एक. ह्या पडद्यावरून त्या पडद्याकडे नेणाऱ्या बसगाड्या फुकट. तिकीट तपासणारे, रांगा लावणारे, बर्फ झाडणारे शेकडो स्वयंसेवक गावोगावाहून यावयाचे. ज्याला तिकीट मिळाले नाही त्याने वेगळ्या रांगेत उभे राहावे आणि ऐनवेळी खुर्ची रिकामी राहिली तर आत शिरावे. खेळ संपला की दिवे लागावयाचे, दिग्दर्शक पडद्यापुढे यावयाचा आणि प्रेक्षकांनी प्रश्न विचारावयाचे. पुष्कळ दिग्दर्शकांनी परक्या माणसांच्या तोंडून आपल्या चित्रपटाविषयी पहिला शब्द ऐकला तो ह्याच जागी.

नटाने काढलेली शाळा

ह्या साऱ्यामागे उभा होता एक देखणा नट, रॉबर्ट रेडफोर्ड. १९६१ साली त्याने यूटातील डोंगरात दोन एकर जमीन घेतली होती. पुढे तेथे आणखी जागा घेतली आणि १९६९ च्या 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' ह्या चित्रपटातील आपल्या भूमिकेवरून त्या जागेला सनडान्स हे नाव ठेवले. गंमत अशी की महोत्सव काही त्या जागी भरत नसे. तो भरे पार्क सिटीत, डोंगराच्या पलीकडे. गावाचे नाव एक आणि जत्रेचे दुसरे!

रेडफोर्डच्या लोकप्रियतेचा तो ऐन बहर होता. १९८१ साली त्याने सनडान्स इन्स्टिट्यूट काढली. कल्पना अशी की नवशिक्या लेखक-दिग्दर्शकांना उन्हाळ्यात डोंगरावर बोलवावे, मुरलेल्या मंडळींना त्यांच्या शेजारी बसवावे, आणि संहितेतले दोन-चार प्रवेश तेथेच चित्रित करून पाहू द्यावे. चुकले तर चुकले. पैसे बुडाले म्हणून कोणी ओरडणार नाही. आपल्या गाण्याच्या घराण्यांत शिष्याने गुरूच्या घरी राहून चुका करावयाच्या, त्यातलाच हा प्रकार. १९९१ च्या उन्हाळ्यात क्वेंटिन टॅरँटिनो हा तरुण तेथे आपले प्रवेश घेऊन आला होता. पुढच्याच जानेवारीत त्याचा 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' महोत्सवात झळकला.

इन्स्टिट्यूटने १९८५ साली महोत्सवाची जबाबदारी पत्करली आणि १९९१ साली त्याला सनडान्स हे नाव मिळाले.

सात हजार डॉलरांचा चित्रपट

ह्या जत्रेच्या कथा ऐकाव्या तेवढ्या थोड्या.

रॉबर्ट रॉड्रिगेझ हा टेक्ससचा पोरगा. चित्रपटासाठी पैसा हवा, म्हणून नवी औषधे माणसांवर करून पाहणाऱ्या एका संशोधन-रुग्णालयात तो पैसे घेऊन भरती झाला. पलंगावर पडल्या पडल्या त्याने कथा लिहिली. बाहेर पडल्यावर मेक्सिकोतील एका सरहद्दीवरच्या गावी जाऊन दोन आठवड्यांत चित्रीकरण उरकले. छायाचित्रकार तोच, संकलक तोच. मूळ खर्च अवघा सात हजार डॉलर! हा 'एल मारियाची' १९९३ साली प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक घेऊन गेला.

दुसऱ्या वर्षी आला केव्हिन स्मिथ. हा न्यू जर्सीतील एका किराणा-किरकोळ दुकानात गल्ल्यावर बसे. त्याने क्रेडिट कार्डांवर कर्ज काढले, जमवलेली चित्रकथांची पुस्तके विकली आणि त्याच दुकानात चित्रपट काढला. दिवसा दुकान चालू, म्हणून चित्रीकरण रात्री. पण कथा तर दिवसाची! मग खिडकीबाहेरचा अंधार दिसू नये म्हणून त्याने कथेतच युक्ती केली. कोणी खोडसाळाने शटरच्या कुलपात च्युइंगम कोंबला आणि त्यामुळे शटर दिवसभर उघडलेच नाही, असे दाखवले. 'क्लर्क्स' हा तो चित्रपट. खर्च सत्तावीस हजार पाचशे पंचाहत्तर डॉलर. गरज ही युक्तीची आई असते, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको.

त्याच १९९४ साली 'हूप ड्रीम्स' हा माहितीपट आला. शिकागोतील दोन कृष्णवर्णीय मुलांच्या घरी कॅमेरा वर्षानुवर्षे जात राहिला. बास्केटबॉलच्या जोरावर दारिद्र्यातून वर येऊ पाहणारी ती मुले प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मोठी झाली. जवळजवळ तीन तासांचा हा माहितीपट लोकांनी डोक्यावर घेतला. पण त्या वर्षी ऑस्करसाठी उत्तम माहितीपटाच्या यादीत त्याला स्थानच मिळाले नाही आणि केवढा गहजब झाला!

मग बाजार आला

जत्रा म्हटली की देवामागोमाग व्यापारी येतोच. सनडान्सला तो आला १९८९ साली. स्टीव्हन सोडरबर्ग ह्या सव्वीस वर्षांच्या दिग्दर्शकाचा 'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप' त्या वर्षी प्रेक्षकांना आवडला. नाव वाचून कोणी कान टवकारू नयेत. चित्रात मंडळी बहुतेक वेळ बोलतच असतात! मे महिन्यात फ्रान्समधील कान महोत्सवात त्याने सर्वोच्च पारितोषिक मिळवले. सुमारे बारा लक्ष डॉलरांत झालेल्या चित्राने एकट्या अमेरिकेत दोन कोटींहून अधिक डॉलर मिळवले. झाले! दुसऱ्या वर्षापासून स्टुडिओंचे दलाल चेकबुक घेऊन पार्क सिटीच्या घाटात.

१९९६ साली 'द स्पिटफायर ग्रिल' ह्या चित्रपटाला एक कोटी डॉलर मिळाले. तो काढला होता एका कॅथलिक धर्मादाय संस्थेने. चित्र काही फारसे चालले नाही. डोंगरावरची हवा विरळ, तेथे खरेदीदाराचे डोके चढते, अशी थट्टा धंद्यातले लोक करतात ती उगीच नव्हे. पुढे २०२१ साली, महोत्सव करोनामुळे घरोघरच्या पडद्यांवर भरला असताना, बहिऱ्या कुटुंबातील ऐकू येणाऱ्या मुलीची कथा सांगणारा 'कोडा' ॲपल कंपनीने अडीच कोटी डॉलरांना घेतला. त्याला २०२२ साली उत्तम चित्रपटाचे ऑस्करही मिळाले.

ह्या पैशाने नव्या मंडळींचे भले झाले ह्यात शंका नाही. पण त्याबरोबर नट-नट्यांच्या मिरवणुका आल्या, नाना कंपन्यांची दुकाने मुख्य रस्त्यावर आली, खोल्यांची भाडी कडाडली. ज्या कर्जबाजारी पोरासाठी जत्रा भरवली त्यालाच तेथे राहणे परवडेना. रेडफोर्डनेही ह्या भपक्याबद्दल अनेकदा नापसंती दाखवली. शिवाय दार अरुंद होत गेले. २०२४ च्या महोत्सवासाठी लघुपट धरून सतरा हजारांवर प्रवेशिका आल्या, आणि त्यांत मोठ्या लांबीचे चित्रपट चार हजारांवर. निवड झाली नव्वदच्या आसपास चित्रपटांची. बाकीच्यांनी काय करावे? त्यांचेही घर गहाण पडलेले असते. जत्रेत ज्याला देव पावला त्याची कथा सर्वत्र छापून येते. रांगेतून परत गेलेल्याची कथा कोणी विचारीत नाही. ही ह्या चित्राची दुसरी बाजू आहे, आणि ती घरात चित्रपटाचे वेड घेतलेला मुलगा वा मुलगी असलेल्या आई-वडिलांनी नजरेआड करू नये.

दहा दिवसांचे सुतक

परदेशी चित्रांसाठी वेगळी स्पर्धा २००५ पासून सुरू झाली आणि आपल्याकडच्या मंडळींना दार किलकिले झाले. बुंदेलखंडातील दलित स्त्री-पत्रकारांवरचा 'रायटिंग विथ फायर' २०२१ साली तेथे गाजला. दिल्लीत जखमी घारींची शुश्रूषा करणाऱ्या भावांवरचा शौनक सेन ह्यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' २०२२ साली परदेशी माहितीपटांत पहिला आला. २०२३ साली सर्वनिक कौर ह्यांच्या 'अगेन्स्ट द टाइड' ने मुंबईच्या दोन कोळी मित्रांचे आणि आटत चाललेल्या मासळीचे दुःख त्या बर्फात नेऊन पोहोचवले. त्यालाही परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले.

आणि मग 'साबर बोंडं'. साबर म्हणजे निवडुंग, आणि बोंडं म्हणजे त्याची लालबुंद फळे. वरून काटे, आतून गोड. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर आईबरोबर गावी येतो. दहा दिवस सुतक पाळावयाचे. नातेवाईक जमतात आणि दुःखाच्या घरातही आपल्याकडचा ठरलेला प्रश्न निघतो: 'मुलाचे लग्न का नाही केले अजून?' आनंदला लग्न करावयाचे नाही, कारण त्याचे मन पुरुषाकडे ओढ घेणारे आहे. गावात त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. त्याच्यामागेही लग्नाचा असाच लकडा लागलेला. दोघांतला जिव्हाळा त्या दहा दिवसांत हळूहळू उमलतो. ह्यात खलनायक नाही, आरडाओरडा नाही. आई आहे. तिला मुलाचे मन ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे.

ही कथा दिग्दर्शकाच्या स्वतःच्या आयुष्यातून आली. कानवडे वाढले मुंबईच्या झोपडपट्टीत. वडील मोटार-ड्रायव्हर. शिक्षण घेतले घरांच्या अंतर्गत सजावटीचे. चित्रपटाची शाळा अशी नव्हेच. लघुपट करीत करीतच ते शिकले. वडील वारल्यावर गावी दहा दिवस काढताना नातेवाइकांच्या त्याच प्रश्नाने ते बेजार झाले, आणि त्या बेजारीतून ही कथा सुचली. आपल्या घराघरांत विचारला जाणारा एक प्रश्न, कोणाला दुखवावे म्हणून नव्हे तर केवळ रीत म्हणून विचारला जाणारा, समोरच्याच्या काळजात कसा रुततो, हे त्यांनी पडद्यावर दाखवले. हजारो मैलांवरच्या माणसांना सुतक म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. पण आई म्हणजे काय हे ठाऊक होते. तेवढे पुरले.

ह्या विषयाने काही वाचकांना अवघडल्यासारखे होईल, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच की चित्रपट पाहावा आणि मग घरात बोलावे. ज्या घरात असे बोलणे होऊ शकते, त्या घरातल्या मुलाला दहा दिवस एकट्याने सोसावे लागत नाही.

बिऱ्हाड हलले

२०२५ हे वर्ष सनडान्सच्या इतिहासात वळणाचे ठरले. मार्च महिन्यात जाहीर झाले की २०२६ चा महोत्सव हा पार्क सिटीतला शेवटचा आणि २०२७ पासूनचा मुक्काम कोलोरॅडो राज्यातील बोल्डर ह्या विद्यापीठाच्या गावी. त्या राज्याने त्यासाठी कराच्या सवलती देऊ केल्या. गावाने जत्रेला नाव दिले, जत्रेने गावाला भाव दिला, आणि अखेर तो भाव जत्रेलाच झेपेना! योगायोग असा की तरुणपणी रेडफोर्ड बोल्डरच्याच विद्यापीठात शिकत होता आणि तेथल्या एका खाणावळीत झाडलोटीचे कामही त्याने केले होते. पण नव्या गावचा महोत्सव पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १६ सप्टेंबर २०२५ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्याच सनडान्सच्या डोंगरातील आपल्या घरी तो वारला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १९ सप्टेंबरला, 'साबर बोंडं' आपल्याकडच्या थिएटरांत लागला.

तेव्हा आता गाडी आपल्या दारापर्यंत आली. बोल्डरला काय होईल ते बोल्डरकर पाहून घेतील. आपल्याकडेही पडदे काही कमी नाहीत. गोव्यात २००४ पासून देशाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, पुण्यात २००२ पासून भरतो. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, तेव्हा इटलीचा 'बायसिकल थीव्हज' पाहून आपले कितीतरी दिग्दर्शक अंतर्मुख झाले होते. परक्याचे चांगले पाहावयास आपण रांगा लावतो, आणि आपल्या माणसाचे चांगले चित्र मात्र 'पुढच्या आठवड्यात पाहू' म्हणतो. पुढच्या आठवड्यात ते थिएटरात नसते. नट मोठा नसलेल्या चित्रपटाला थिएटरवाला फार दिवस ठेवीत नाही. त्याचा धंदा आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून ह्या दिवाळीत एक लहानसा संकल्प करण्यासारखा आहे. वर्षातून निदान दोन चित्रपट असे पाहावे की ज्यांतल्या एकाही नटाचे नाव आपण ऐकलेले नाही, आणि तेही पहिल्या आठवड्यात, तिकीट काढून, घरच्या मंडळींना बरोबर घेऊन. आवडला तर शेजारी सांगावे. नाही आवडला तर परतताना वाटेत भरपूर भांडावे. फाळक्यांच्या काळी दागिने गेले होते. आपले तिकिटाचे पैसे तेवढे जातील.